तारण काय ठेवणार?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात मी ३१ वर्षं दिवाणजी आहे. सकाळी हमाल गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मांडतात, सौदा निघतो, व्यापारी रव्याचा कोपरा खरवडून जिभेवर ठेवतात, रंग बघतात, कणी बघतात. जशी प्रत तसा भाव. पुढचं काम माझं. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करायची, त्यातून त्यानं घेतलेली उचल वळती करायची, उरलं तर हातात द्यायचं, नाही उरलं तर बाकी पुढं ओढायची. हंगामाच्या तोंडावर कुणी अनोळखी शेतकरी उचल मागायला आला की मालक एकच प्रश्न विचारतात, "तारण काय ठेवणार?"

रविवारी चर्चमध्ये हाच शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. येशूनं आमचं तारण केलं, आमचं तारण झालं. मराठीत एकाच शब्दाला हे दोन अर्थ आहेत, एक गहाणाचा आणि एक सुटकेचा. माझ्या मनात ते कधी वेगळे झालेच नाहीत. देवापुढं आपण काहीतरी ठेवायचं, ते पुरेसं वजनाचं भरलं की आपली सुटका, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत धरून चाललो होतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं ते नेमकं उलट. सोळाव्या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास जाहीर करायच्या विधीच्या, वर्गात बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाची आठवी आणि नववी ओवी मी न अडखळता म्हणून दाखवली होती: कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झाले आहे, हे तुमच्या हातून झाले नाही, हे देवाचे दान आहे, कर्मांनी नव्हे, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये. पाठांतराबद्दल मला नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, बक्षीस मिळाला होता.

आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास पणजोबांपासूनचा. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या मागून उभ्या राहिलेल्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आम्ही. आण्णा, म्हणजे माझे वडील, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आई रोज पहाटे दिव्याखाली पवित्र शास्त्र वाचायची, अजून वाचते, आता भिंग धरून.

२०२३ च्या पावसाळ्यात मंडळीनं वडील म्हणून माझं नाव सुचवलं. वडील म्हणजे पाळकांबरोबर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंबरोबर, मंडळीचा कारभार बघणारी निवडलेली माणसं. आमच्यात रीत अशी की नाव पक्कं होण्याआधी त्या माणसानं उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे ख्रिस्तानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. आधी ती लिहून पाळकसाहेबांना दाखवायची. मला वाटलं एका रात्रीचं काम आहे. लागले साडेतीन महिने.

पहिली साक्ष चार पानांची झाली. मी सुंदर अक्षरात लिहिली. ख्रिस्ती घरात जन्म, शब्बाथ शाळेत एकही रविवार न चुकलेला, दारू-तंबाखूला स्पर्श नाही, पगार झाला की आधी दशांश बाजूला, लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, शुक्रवारी उपास, आण्णांच्या आजारपणात दहा महिने त्यांची अंघोळ-पांघोळ मी केली, २०१९ च्या महापुरात चर्चमध्ये जमा झालेलं धान्य मी रात्री-अपरात्री वाटलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

पाळकसाहेबांनी ती माझ्यासमोर वाचली. सावकाश वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "दिवाणजी, हिशेब चोख आहे. पण यात येशूला करायला काही काम उरलेलं दिसत नाही."

मी काय बोलणार? ते आणखी काही बोलले नाहीत, फक्त लूकचा अठरावा अध्याय वाचून या म्हणाले.

तो अध्याय मला माहीत होता. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात, एक परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि एक जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत असा कर गोळा करणारा. परुशी म्हणतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. जकातदार लांब उभा राहून ऊर बडवत म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो दुसरा. लहानपणी नाटुकलं बसवताना परुशाचं सोंग आम्ही ढोंगी, लबाड असं करायचो. त्या रात्री वाचताना पहिल्यांदा ध्यानात आलं की तो परुशी खोटं काहीच बोलत नाही. त्याचा उपास खरा, दशांश खरा. माझ्या चार पानांतल्यासारखाच खरा. मला त्या रात्री झोप आली नाही, आणि ती पश्चात्तापानं नव्हे, रागानं. एवढं सगळं करून जर पारडं रिकामंच धरायचं असेल तर माणसानं करायचं तरी कशासाठी?

माझी बायको आजऱ्याकडच्या कॅथलिक घरातली. तिच्यापुढं मी हा राग काढला. ती म्हणाली, "कर्मं नकोत असं कोण म्हणतंय? याकोबाच्या पत्रात लिहिलंयच की, कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे." आमचा वाद रंगला. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात हाच वाद १५१७ पासून चाललेला, मार्टिन लूथरनं पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आपली ९५ विधानं मांडली तेव्हापासून. पुढं १९९९ साली ३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये लुथरन मंडळ्यांनी आणि कॅथलिक चर्चनं एकत्र निवेदनावर सह्या केल्या, की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेनं, आपल्या कुठल्या पुण्याईमुळं नव्हे, आणि सत्कर्मं त्या स्वीकाराच्या मागून येतात. हे बायकोलाच तिच्या फादरांनी सांगितलेलं होतं. म्हणजे ज्या गोष्टीवर माझा राग होता तिच्यावर दोन्हीकडची मंडळी एकमत होती. कर्मं आहेतच. प्रश्न त्यांच्या जागेचा होता. मी ती तारण म्हणून पुढं ठेवत होतो.

दुसरी साक्ष मी उलट्या टोकाला जाऊन लिहिली. आठवतील तेवढी पापं काढली. शाळेत असताना पेन चोरलेलं, एका शेतकऱ्याच्या पट्टीत वजनाची चूक लक्षात येऊनही दोन दिवस न सांगितलेली, मनातले वाईट विचार, बायकोवर हात उगारलेला एक प्रसंग. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचं मला समाधानही वाटलं. आता तरी पाळकसाहेब मान डोलावतील असं वाटलं.

ते म्हणाले, "ही पण खतावणीच आहे. आधी जमेची बाजू भरली होती, आता नावेची भरलीत. पान तुमचंच, लेखणी तुमचीच." थोडं थांबून म्हणाले, "एक विचारू का? दोन्ही साक्षी मिळून सात पानं झाली. त्यात तुमच्या भावाचं नाव एकदाही नाही."

मी म्हटलं, त्याचा यात काय संबंध? आणि उठलो.

संबंध सांगतो.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. आण्णा रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतले १,८४,००० रुपये त्यानं २००९ साली धंद्याला म्हणून घेतले, खरं तर आण्णांच्या सहीनं आण्णांना न सांगता काढले, आणि धंदा बुडाला. तो घर सोडून इचलकरंजीला गेला, यंत्रमागावर कामाला लागला, प्यायला लागला. माझ्याकडं एक जुनी वही आहे, घरखर्चाची. तिच्या शेवटच्या पानावर मी त्याच्या नावानं खातं उघडलं. १,८४,००० नावे. जमेची बाजू कोरी. कुणाला दाखवायचं म्हणून नव्हे. पण ते पान मी दर वर्षी नव्या वहीत ओढून घेत आलो, दुकानात बाकी ओढतात तसं.

वही ही त्यातली साधी गोष्ट. न लिहिलेली गोष्ट वेगळीच होती, आणि पाळकसाहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना मला ती पूर्ण आठवत होती. ती इथं पुढं येईल.

तिसऱ्या साक्षीच्या वेळी मी कागदच घेतला नाही. पाळकसाहेबांनी एवढंच सांगितलं होतं की मत्तयचा अठरावा अध्याय हिशेबनिसाच्या डोळ्यांनी वाचा. तिथं एका राजाचा दास आहे, त्याचं देणं दहा हजार तालांत. मी वही-पेन घेऊन बसलो. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. मी आकडा तीनदा तपासला. आणि हा दास राजाच्या पाया पडून काय म्हणतो? मला वेळ द्या, मी सगळं फेडीन. २ लाख वर्षांचं देणं, आणि तो मुदत मागतो! राजा मुदत देत नाही. तो देणंच सोडून देतो. मग हाच दास बाहेर पडून आपल्या सोबत्याचा गळा धरतो, १०० दीनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी.

"मी सगळं फेडीन." माझं आयुष्य या तीन शब्दांत लिहिलेलं होतं.

तरी एक गोष्ट अडत होती, आणि ती धंद्यातल्या माणसाची अडचण होती. देणं असं सोडता येतं? खतावणीत बाकी हवेत विरत नाही. मग मला आमच्या मालकांची आठवण झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट. चिखली, आंबेवाडीकडचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहून कुजला. तिकडच्या एका शेतकऱ्याकडं आमची ६२,००० ची बाकी होती. हंगाम सुरू झाला, तो रिकाम्या हातानं आला, दारातच उभा राहिला. मालक मला म्हणाले, "खातं बंद कर." मी विचारलं, "कुणाच्या नावे टाकू?" कारण टाकावं तर लागणारच, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. ते म्हणाले, "माझ्या."

मी स्वतःच्या हातानं ती नोंद केली होती. शेतकऱ्याचं खातं निरंक, मालकाच्या नावे ६२,०००. माफी फुकट असते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याला ती पूर्ण रकमेला पडते. येशूचा प्रेषित पौल कलस्सैकरांस पत्रात लिहितो की आपल्याविरुद्धचं ऋणपत्र देवानं वधस्तंभाला खिळून रद्द केलं, आणि इब्री लोकांस पत्रात येशूला कराराचा जामीन म्हटलंय. जामीन! हा शब्द मी किती वेळा वाचला असेन, आणि किती कागदांवर जामिनाची सही घेतली असेन. तारण काय ठेवणार, या प्रश्नाला माझ्या बाजूनं उत्तर नव्हतंच. ते आधीच कुणीतरी ठेवलेलं होतं. तो स्वतःच तारण होता.

आमच्या दुकानातला तोलार वारकरी आहे, दर वर्षी पंढरीला जातो. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "दिवाणजी, आमच्यातबी हेच. पांडुरंगाची किरपा झाल्याबिगर पाऊल उचलत नाही." मला त्याचं म्हणणं मनापासून पटलं आणि तरी थोडं वेगळंही वाटलं. नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. कृपा या शब्दाचं पाणी मराठी माणसाला संतांनी आधीच पाजलेलं आहे, ते नसतं तर आम्हाला पौलाचं पत्र एवढं जवळचं वाटलं नसतं. ख्रिस्ती माणूस मात्र ती कृपा एका विशिष्ट दिवसाशी आणि एका वधस्तंभाशी बांधतो. त्या शुक्रवारी हिशेब कुणाच्या तरी नावे पडला, असं आम्ही मानतो. हे मी तोलाराला नीट सांगू शकलो नाही, पण त्यानं ऐकून घेतलं आणि डब्यातला झुणका माझ्या भाकरीवर घातला.

मी पाळकसाहेबांकडं परत गेलो आणि विचारलं, "मग एवढी वर्षं मी ख्रिस्ती नव्हतोच का?" त्यांनी पंडिता रमाबाईंचं सांगितलं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी कितीतरी वर्षं गेली. एवढी मोठी विदुषी, आणि तिला वाट बघावी लागली. मला त्यानं धीर आला. मग, पाळकसाहेबांनी काही विचारलेलं नसताना, मी त्यांना न लिहिलेली गोष्ट सांगितली.

आण्णांना २०११ साली अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाकडं झालं, पण एक नाव स्पष्ट यायचं, धाकट्याचं. रोज दिवेलागणीला विचारायचे, आला का? २०१२ च्या जानेवारीत एका संध्याकाळी भावाचा फोन आला. तो पिऊन नव्हता, आवाज कोरडा होता. म्हणाला, "दादा, आण्णांना बघायला येऊ का?" आणि मी म्हणालो, "नको. तुझं नाव काढलं तरी त्यांना त्रास होतो." तो "बरं" म्हणाला. त्यानंतर १९ दिवसांनी आण्णा गेले. भाऊ मातीला आला, कबरस्तानाच्या फाटकापाशी उभा राहिला आणि तिथूनच परतला.

दहा महिने आण्णांची सेवा मी केली, असं पहिल्या साक्षीत लिहिलं होतं. त्यातले शेवटचे १९ दिवस मी त्यांना काय देत होतो आणि काय हिरावून घेत होतो, ते लिहिलं नव्हतं.

पाळकसाहेब बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी प्रार्थना केली. लांब नव्हे. "ही गोष्ट तू आधीच जाणतोस," एवढंच एक वाक्य मला त्यातलं आठवतं.

घरी आलो तेव्हा आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. वय ७८, नजर कमी, पण भाजी अजून तीच निवडते. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. फोन आला होता, मी नको म्हटलं, खोटं बोललो.

तिनं काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. म्हणाली, "ठावं हाय मला. मी दारातच हुते त्या दिवशी."

अकरा वर्षं. अकरा वर्षं ती मला वाढत होती, माझ्या कपाळावर हात ठेवून आजारपणात प्रार्थना करत होती, लोकांना सांगत होती की थोरला माझा आधार आहे. सगळं माहीत असताना. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? एक लेकरू गेलं हुतं, दुसऱ्यालाबी घालवू?" मग थोड्या वेळानं, "तू पगार आणून हातात ठेवायचास, औषधं आणायचास. मला कळायचं तू काय फेडाय लागलायस ते. पर मी कवा मागितलं?"

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. "असतानाच" हा शब्द मी त्या दिवसापर्यंत कधी वाचलाच नव्हता असं म्हणायला हरकत नाही. मी समजत होतो की आधी मी सांगेन, मग रडेन, मग भरून देईन, मग कधीतरी मला जवळ घेतलं जाईल. इथं तर अकरा वर्षं मी जवळच होतो. नोंद केव्हाच झालेली होती. मी उगाच हप्ते भरत बसलो होतो, जे कुणी मागितले नव्हते आणि ज्यांनी काही फिटणारही नव्हतं.

त्या हंगामात वसुलीसाठी एका गुऱ्हाळावर गेलो होतो. काहिलीत रस उकळत होता. गुळव्यानं भेंडीचं पाणी टाकलं आणि मळी जाड होऊन वर आली, त्यानं ती झाऱ्यानं काढली. मी किती वर्षं ते बघतोय. त्या दिवशी तिथून लवकर हललो नाही. जाळ कितीही केला तरी रस आपली आपण मळी टाकत नाही, बाहेरून काहीतरी पडावं लागतं. जळव्या मला चहा घ्या म्हणत होता, मला ते ऐकूच आलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, क्षमा आधीच झालेली असेल तर मग भावाकडं जायचं कारण काय? हा प्रश्न पौलालाही लोकांनी विचारला होता, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय? त्याचं उत्तर, कधीच नाही. इफिसकरांस पत्रात आठवी-नववी ओवी पाठ करणारे आम्ही दहावी सोडून देतो. तिथं लिहिलंय की सत्कृत्यांसाठीच देवानं आपल्याला घडवलं. मी स्वतःपुरतं एवढं सांगू शकतो की अकरा वर्षं मला इचलकरंजीला जायची हिंमत झाली नव्हती, कारण गेलो असतो तर माझ्याजवळचं एकमेव तारण, म्हणजे माझं चांगलेपण, हातचं गेलं असतं. ते आता माझ्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. म्हणून पाय उचलला.

साक्ष मी नंतर दिली. अर्ध्या पानाची झाली. पाळकसाहेबांनी ती वाचायलाही मागितली नाही.

त्याआधीच्या गुरुवारी दुपारी मी मध्यवर्ती स्टँडवरून एसटी पकडली. इचलकरंजीत उतरल्यावर स्टँडसमोर उभा राहून फोन लावला. मागून मागांचा खडखडाट ऐकू येत होता, तो ओरडून बोलत होता. मी म्हटलं, "मी दादा. इथं स्टँडवर आहे. येऊ का?"

बराच वेळ नुसताच खडखडाट. मग म्हणाला, "ये की. जेवून आलायस का?"

नऊ बाय दहाची खोली, भिंतीला कॅलेंडर, एका कोपऱ्यात आईनं दिलेलं पवित्र शास्त्र, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्यानं आमटी-भात वाढला. दारू सोडून चार वर्षं झाली म्हणाला. मला ते माहीत नव्हतं. जेवताना मी सांगू शकलो नाही. हात धुतल्यावर सांगितलं. वहीतल्या पानाचंही सांगितलं आणि म्हटलं, ते मी कोळशात टाकलं, तू काही देणं लागत नाहीस, मी क्षमा मागायला आलोय.

त्यानं पैशाचं ऐकून घेतलंच नाही. ताट हातात धरून तसाच उभा होता.

"आण्णा मला विचारत हुते?"

"हो."

"किती वेळा?"

"रोज. दिवेलागणीला."

त्यानं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाठ करून बसला. खांदे हलत होते. मी जवळ जाऊ की नको ते मला कळेना, म्हणून जागेवरच बसून राहिलो. त्यानं मला क्षमा केली असं म्हणाला नाही, आजपर्यंत म्हणाला नाही, आणि मी विचारणार नाही. पाळीचा भोंगा झाला तेव्हा त्यानं तोंड धुतलं, शर्ट घातला. दारात चप्पल घालताना म्हणाला, "मी दहाला सुटतो. थांबणार असलास तर आंथरूण वर फळीवर हाय."

मी थांबलो.